पितळी वाट्या

पहाटे पाच-चाळीसची बस.
थर्मास मांडीवर, झाकण दोनदा पिळलेलं.
जुन्या शहरात आता एकच बाई उरलीय
जी मुगाचं आंबवण मंद आचेवर राखत बसते.
खळखळू दिलं की फुटतं ते :
पाणी एकीकडे, गाळ एकीकडे,
मग कितीही ढवळा.
म्याओ फंगचू तिचं नाव.
डाव ती कुणाच्या हाती देत नाही.

माझं माहेर दक्षिणेचं, नदीकाठचं.
सकाळ म्हणजे माशाची पांढरी पेज, आल्याची कात्रणं.
लग्न होऊन बीजिंगला आले
तेव्हा सासऱ्यांनी एक वाडगा माझ्यापुढे सरकवला.
दोउझी. राखाडी-हिरवी, वाफाळती,
ओल्या पोत्यासारखा वास.
एक घोट कसाबसा गिळला मी
आणि बाकीची अंगणात,
कुंडीतल्या डाळिंबाला घातली.

त्या वर्षी डाळिंब फुललं नाही.
लुआन शौयी मला काही बोलले नाहीत,
फक्त पुढची तीस वर्षं
येणाऱ्या-जाणाऱ्याला झाड दाखवत राहिले.

मग गल्लीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने
गोलात एक अक्षर आलं,
आणि आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो.
डाळिंब लिफ्टमध्ये मावलं नाही.

आता दर रविवारी मी उलट दिशेने जाते.
घंटाघराच्या मागे दुकानं उघडत असतात.
काडीवर पाकातल्या स्ट्रॉबेऱ्या,
आंबट लाल शान्झा शोधावी लागते.
तांब्याची मोठी किटली, तोटीवर ड्रॅगन,
एक पोरगा वाकून बाजरीच्या पिठावर
उकळत्या पाण्याची धार धरतो.
याला चहाचं सूप म्हणतात.
चहाचा थेंब नसतो त्यात.
कुणी विचारलं तर तो म्हणतो,
नाव माझ्या पणजोबांनी ठेवलं, त्यांना विचारा.
मी माझ्यापुरतं एक ‘लोळणारं गाढव’ घेते,
सोयाबीनच्या पिठात घोळलेली चिकट वळकटी,
परतीच्या बसमध्ये खाते,
आणि कोटावरची पिवळी धूळ
घरात शिरण्याआधी झटकते.

ते एक घोट घेतात.
“ही ती नव्हे.”
दर रविवारी.
“आणि लोणचं केसाएवढं बारीक हवं.
हे काय, दोरखंड?”

परवा विम्याचा कागद शोधताना
खणाच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेल्या
दोन पितळी वाट्या सापडल्या.
नऊ वर्षांचे असताना ते मामाच्या गाडीवर होते :
धुरावलेले काळे आलुबुखार, खडीसाखर,
वरून चिमूटभर ग्वेहुआची फुलं,
मातीच्या रांजणाभोवती बर्फ.
ओरडायचं नाही, मामाचा नियम.
तळहातावर एक वाटी, तिच्यावर दुसरी,
मधे बोट.
झिंग-झिंग, झिंग.
दारं आपोआप उघडायची.

मी वाट्या त्यांच्या हातात दिल्या.
डॉक्टरांनी त्या हाताच्या थरथरीला
एक लांबलचक नाव दिलंय,
सकाळ-संध्याकाळ तीन गोळ्या दिल्यात.
वाट्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.
त्या वाजू लागल्या.

“मी नाही वाजवत,” ते म्हणाले,
चोरी पकडल्यासारखे माझ्याकडे बघत.
खिडकी उघडी होती.
खालच्या कुठल्याशा मजल्यावरून
एका पोराने मान बाहेर काढून विचारलं,
“काय विकताय, आजोबा?”

ते उठले. काठी न घेता.
“आंबट आलुबुखार! दोन फन पेला!”
आणि माझ्याकडे वळून, हळूच,
“बर्फ हवा असेल तर तीन सांग.”

पोर काय म्हणालं ते ऐकू आलं नाही.
थर्मासमधली उरलेली दोउझी तोवर फुटली होती,
वर पाणी, खाली गाळ.
ओट्याशी उभ्याउभ्या मी ती पिऊन टाकली.
ओतणार कुठे?
डाळिंब नाही इथे.